‘आपण फक्त मॉडेल देतो, निर्णय क्लायंटचा’

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर आहे. नोकरीच्या अर्जांना गुण देणारी सिस्टिम आम्ही बनवतो. क्लायंट कंपन्या त्यांच्याकडे आलेले अर्ज त्यात टाकतात, सिस्टिममधलं मॉडेल, म्हणजे जुन्या डेटावरून शिकलेला प्रोग्रॅम, प्रत्येकाला स्कोअर देतं आणि सिस्टिम यादी वरून खाली लावून देते. मागे एका भलत्याच बगचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीचा, माग काढताना माझ्या लक्षात आलं, की नोकरीत वर्ष-दोन वर्षांचा खंड असलेले अर्ज एकदम खाली जातात, बाकी सगळं चांगलं असलं तरी. असा खंड बहुतेक कुणाचा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

टीम लीडना दाखवलं. ते चिडले वगैरे नाहीत. म्हणाले, “मॉडेल जुन्या डेटावरून शिकलंय, त्याला आपण काय करणार? आपण फक्त मॉडेल देतो, निर्णय क्लायंटचा. शेवटी माणूसच बघतो ना? आणि माणसं काय कमी पक्षपाती असतात?” मला यावर उत्तर सुचलं नाही. नवरा म्हणतो, वेळेवर पगार होतोय, कशाला नसती उठाठेव. मी जास्तच विचार करतेय का? की सरळ नोकरी सोडावी?

ता. क. माझी वहिनी मुलं मोठी झाल्यावर आता पुन्हा नोकरी शोधतेय. तिने अर्ज केलेली एक कंपनी आमची क्लायंट आहे. तिला सांगू का?

— एक डेव्हलपर

उत्तर

तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून थेट एकेरीवर येते.

नाही, तू जास्त विचार करत नाहीयेस. उलट एक गोष्ट तुझ्या पत्रात यायला हवी होती, ती आलेली नाही. ज्या बाईचा अर्ज तुमच्या सिस्टिमने तळाला टाकला, तिला ते कधीच कळणार नाही. तिला ‘आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार’ असा साचेबंद मेल येईल, किंवा तोही येणार नाही. ती समजेल, जागा भरली असेल, किंवा आपणच कुठेतरी कमी पडलो. ती तक्रार करणार नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही झालंय याचा तिला पत्ताच नाही. क्लायंटलाही कळायला मार्ग नाही. चुकून घेतलेला माणूस काही महिन्यांत उघडा पडतो. चुकून नाकारलेली व्यक्ती कामाला कशी निघाली असती, हे मात्र कुठल्याच डेटात येत नाही. म्हणजे मॉडेलच्या चुकांची एक अख्खी बाजू मोजलीच जात नाही आणि रिपोर्टात अचूकता मात्र झकास दिसते.

तेव्हा ही चूक पाहिलेली, समजलेली आणि ती कुठे नोंदवायची हे माहीत असलेली माणसं फार थोडी आहेत. तुझ्या लीडनी पाहिली आणि बाजूला ठेवली. राहिलीस तू. मी पुढे जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीवर उभं आहे.

संगणकामुळे माणसं देशोधडीला लागली अशी जी मोठी प्रकरणं घडली, त्यांतले बग तसे रोजच्या कामातलेच होते. घात झाला तो चूक सांगणाऱ्यालाच खोटं ठरवल्यामुळे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण तू ऐकलं असशील. १९९९ पासून तिथे होरायझन नावाची हिशोबाची सिस्टिम बसवली गेली. पडद्यावरचा हिशोब आणि गल्ल्यातली रोकड जुळेना. शाखा चालवणाऱ्यांनी हेल्पलाइनला फोन लावले, तर कित्येकांना सांगण्यात आलं की हे फक्त तुमच्याकडेच होतंय. करारात अट अशी की तूट त्यांनीच भरायची. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशोब असे गुन्हे शाबीत झाले. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं. मशीन नीट चालत असणारच, असं तिथली न्यायालयं गृहीत धरून चालायची. ते खोटं पाडायचं ओझं आरोपीवर. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाने ही सिस्टिम भरवशाची नव्हती असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

यात मला एका माणसाचं महत्त्व फार वाटतं. रिचर्ड रोल. सिस्टिम पुरवणाऱ्या फुजित्सू कंपनीत २००१ ते २००४ या काळात तो सपोर्टला होता. शाखेच्या हिशोबात शाखेला न कळता कंपनीतून हात घालता येतो, हे त्याने आधी टीव्हीवर आणि मग कोर्टात सांगितलं. पोस्ट ऑफिस तोवर हे नाकारत आलं होतं. रोल काही मोठा अधिकारी नव्हता. तुझ्यासारखाच, बग निस्तरणारा. हिशोब जुळत नाही म्हणून आपल्याच खिशातून भरपाई करणाऱ्या माणसाला सर्व्हरवर काय चालतं ते दिसणं शक्य नव्हतं. ते दिसत होतं सपोर्टच्या टेबलावरून.

आता तू करायचं काय?

आधी ती चूक हुकमी करून दाखव. याचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला नमुना जुना आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा जणांना त्याने भयंकर जादा मात्रा दिली, त्यांतले काही दगावले. कंपनी म्हणत होती, असं होऊच शकत नाही. टेक्सासमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलात फ्रिट्झ हेगर नावाचे भौतिकतज्ज्ञ होते. ते यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटर बाईंसोबत की-बोर्डशी बसले. बाईंनी इलेक्ट्रॉन किरणांसाठीच्या ‘इ’ऐवजी सवयीने क्ष-किरणांचं ‘एक्स’ टाइप केलं होतं, कर्सर वर नेऊन ते दुरुस्त केलं होतं आणि पुढे गेल्या होत्या. त्या रोज तेच काम करणाऱ्या, बोटं सरावलेली. दोघांनी तीच बटणं पुन्हा पुन्हा दाबून पाहिली आणि अपघाताच्या वेळी आलेला ‘मालफंक्शन ५४’ हा बिघाडाचा संदेश हवा तेव्हा पडद्यावर आणता येऊ लागला. दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली की ती यंत्राच्या आतल्या भागापर्यंत पोचायचीच नाही. कंपनीच्या माणसांनाही बटणं किती भराभर दाबायची हे सांगितल्यावरच ती चूक दिसली. तोवर ‘आमच्याकडे होत नाही’ हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते सावकाश टाइप करत होते.

मी स्वतः बरीच वर्षं टेस्टिंगमध्ये काढली आहेत, त्यामुळे याबाबत मी जरा कटकटी आहे. लीडना स्क्रीनवर एकदा दाखवलं, एवढ्याने भागणार नाही. बनावट अर्जांच्या जोड्या तयार कर. शिक्षण, कौशल्यं, पदं सगळी तीच. एकात नोकरी सलग, दुसऱ्यात मध्ये दोन वर्षं रिकामी. एकूण अनुभव दोन्हींत सारखा ठेव, म्हणजे खंडवालीला दोन वर्षं आधी नोकरीला लाव. नाहीतर लीड म्हणतील अनुभव कमी म्हणून स्कोअर घसरला, आणि त्यांचं बरोबर असेल. काही जोड्यांत त्या दोन वर्षांत उच्च शिक्षण घाल आणि मग काय होतं ते बघ. निकाल तक्त्यात मांड. खऱ्या अर्जदारांची माहिती मात्र घरी न्यायची नाही, स्वतःच्या मेलवर टाकायची नाही, नवऱ्याला पटवायलासुद्धा दाखवायची नाही. ज्यांची बाजू घ्यायची त्यांचीच माहिती चव्हाट्यावर, असं व्हायला नको.

मग तिकीट, म्हणजे बगची लेखी नोंद, टाक. तोंडी नाही, चॅटवर नाही, जिथे तुमचे बाकीचे बग नोंदवले जातात तिथेच. भाषा कोरडी ठेव. साधारण अशी:

“इतर सर्व माहिती समान असताना नोकरीत दोन वर्षांचा खंड घातल्यास स्कोअर घसरतो. जोड्या आणि निकाल सोबत. परिणाम: पात्र उमेदवार यादीत वर दिसत नाहीत, यांत स्त्रियांचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता. हे अपेक्षित वर्तन आहे का? असल्यास हे कुणी आणि कधी ठरवलं?”

‘अन्याय’, ‘भेदभाव’ हे शब्द त्यात नकोत. ते चुकीचे आहेत म्हणून नव्हे. नैतिक मुद्दा म्हणून मांडलंस तर तुला बाजूला बसवून समजावलं जाईल, तुझ्या संवेदनशीलतेचं कौतुक होईल आणि विषय संपेल. बग म्हणून मांडलंस तर तो कुणाला तरी बंद करावा लागतो आणि बंद करताना कारण लिहावं लागतं. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा कुणाकडेच नसेल, कारण हे कुणी ठरवलेलंच नसतं. ते आपोआप झालेलं असतं आणि आता सगळे ते जपतायत.

लीडच्या चार मुद्द्यांकडे येते. तुला तेव्हा उत्तर सुचलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यातला एक मुद्दा खरंच दमदार आहे.

‘मॉडेल जुन्या डेटावरून शिकलंय.’ हो, पण काय शिकलंय? तुमच्या डेटात ‘चांगला उमेदवार’ म्हणून कुणावर खूण आहे ते एकदा बघ. मी पैज लावते, ज्यांची पूर्वी निवड झाली त्यांच्यावर. म्हणजे मॉडेल उमेदवाराची लायकी शिकलेलं नाही, आधीच्या एचआरची सवय शिकलंय. ॲमेझॉनने असंच एक साधन बनवायला घेतलं होतं. २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली, की अर्जात ‘विमेन्स’ हा शब्द आला, उदाहरणार्थ मुलींच्या बुद्धिबळ क्लबची कप्तान, की ते गुण कापायचं. कंपनीला तो प्रकल्प गुंडाळावा लागला.

याहून बोलकं उदाहरण आरोग्यसेवेतलं आहे. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जादा देखभाल द्यायची हे ठरवायला हॉस्पिटलं एक अल्गोरिदम वापरत होती. त्यात वर्णाचा रकाना नव्हताच. पण आजार किती गंभीर याऐवजी त्या माणसावर उपचारांचा खर्च किती होईल, याचा अंदाज तो बांधायचा. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारासाठी मुळात कमी खर्च होत आलेला, म्हणून ते ‘कमी आजारी’ ठरायचे. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे मांडलं. हा तिढा सोडवला तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशोब होता. कोडमध्ये कुणाचाही द्वेष नव्हता. काय मोजायचं, तेवढंच चुकलं होतं.

आता तुमच्याकडे कुणीतरी सुचवेल की खंडाचा रकानाच काढून टाकू. हसू नकोस, पण हे चालणार नाही. पदवीचं वर्ष अर्जात आहे, अनुभवाची वर्षं आहेत. आजपासून पदवीपर्यंतची वर्षं मोज, त्यातून अनुभव वजा कर, उरला तो खंड. जे तुला कागदावर जमतं ते मॉडेलला जमतंच. रकाना काढल्यावर जोड्यांची चाचणी पुन्हा घे, आणि खंडाचा रकाना नसलेल्या मॉडेलनेही तोच उद्योग केला तर तेही त्याच तिकिटात लिही.

‘निर्णय क्लायंटचा.’ ठीक. मग क्लायंटला माहीत आहे का? ज्याला हे ठाऊकच नाही तो कसला निर्णय घेणार? लीडना विचार, वापराच्या कागदपत्रांत ही ओळ घालायची का: ‘नोकरीत खंड असल्यास हे मॉडेल स्कोअर कमी करतं.’ ते हो म्हणाले तर उत्तम, क्लायंट स्वतःच फोन करून विचारेल. नाही म्हणाले, तर निर्णय क्लायंटचा नव्हता एवढं सिद्ध झालं. जाता जाता सांगते, तुमचे क्लायंट युरोपात असतील तर हा प्रश्न तुमच्या वकिलांपर्यंत न्यायला हरकत नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात नोकरभरतीत उमेदवार निवडणाऱ्या सिस्टिम जास्त जोखमीच्या वर्गात आहेत. कायदा विभागाला जाग आली की इंजिनिअरिंगची कामं कशी भराभर होतात, ते तूही पाहिलं असशील.

‘शेवटी माणूसच बघतो.’ काय बघतो? शेकडो अर्जांच्या यादीतले वरचे पंधरा-वीस. खालच्या पानावर कोण आहे हे बघायला त्याला वेळ असता तर त्याने तुमची सिस्टिम विकतच घेतली नसती. इथे एक उपाय खरंच करण्याजोगा आहे आणि तो तुझ्या हातातला आहे. प्रत्येक यादीत खालचे काही अर्ज चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून, स्कोअर न दाखवता, वरच्यांत मिसळायचे. माणूस ते वाचेल. त्यातल्या कुणाला मुलाखतीला बोलावलं जातं याची नोंद ठेवायची. मॉडेल कुणाला चुकून नाकारतं, हे कळण्याचा मला माहीत असलेला हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. विक्रीवाले कुरकुर करतील, त्यांना सांगायचं की पुढच्या आवृत्तीसाठी हा डेटा सोन्याच्या मोलाचा आहे. खोटंही नाही ते.

आणि चौथा, ‘माणसं काय कमी पक्षपाती असतात?’ हा दमदार मुद्दा. नसतात कमी. एखादा एचआर मॅनेजर मनातल्या मनात काय काय वजा करतो याचं तिकीट कुणाला टाकता येत नाही, त्याच्यावर जोड्यांची चाचणी घेणंही महाकठीण. तुमच्या मॉडेलची परीक्षा मात्र एका दुपारी होते. या अर्थी मॉडेल बरं, पण ती परीक्षा घेतली तरच. शिवाय पक्षपाती मॅनेजर एका कार्यालयात बसलेला असतो. एका दारातून परतलेली बाई दुसरं दार ठोठावते, तिथे बसलेल्याची खोड वेगळी असते. तुमचं मॉडेल दहा क्लायंटकडे असेल तर दहाही दारांत तोच एक मॅनेजर बसलेला आहे, आणि ती दहाही ठिकाणांहून, एकाच कारणाने, परत जाते.

दुरुस्तीला बसाल तेव्हा एक पेच येईल, त्याची आधीच कल्पना देऊन ठेवते. ‘समान न्याय’ मोजायच्या रीती अनेक आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. दोन गटांत योग्य उमेदवारांचं मुळातलं प्रमाण वेगळं असेल, तर ‘स्कोअरचा अर्थ दोन्ही गटांसाठी सारखा’ आणि ‘चुकून नाकारले जाण्याचं आणि चुकून निवडले जाण्याचंही प्रमाण सारखं’ या दोन अटी, मॉडेल अगदी बिनचूक असल्याशिवाय, एकाच वेळी पाळता येत नाहीत. २०१६ च्या सुमारास संशोधकांनी हे गणितानेच दाखवून दिलं. यावर कुणीतरी हात झटकून म्हणेल, बघा, शक्यच नाही. शक्य आहे, फक्त कुठली अट धरायची ते कुणीतरी ठरवून त्याखाली आपलं नाव लिहायला हवं. ते नाव तुझं असू नये. तुझ्या पदाच्या माणसाने एकट्याने घ्यायचा निर्णय नाही हा. तो वरच्यांकडूनच लिहून घे.

नोकरी सोडण्याबद्दल. आत्ता नको. तू गेलीस तर तुझ्या जागी कुणीतरी येईल, त्याला हा बग दिसायला किती काळ लागेल कोण जाणे, आणि मॉडेल तोवर चालूच राहील. शिवाय राजीनामा ही एकदाच वापरता येणारी गोष्ट आहे, आणि तू अजून साधं तिकीटही टाकलेलं नाहीस. तुझ्या नवऱ्याला ही नसती उठाठेव वाटते, पण चूक दिसली की नोंदवायची यासाठीच तर तुला पगार मिळतो. ही तुझ्या कामाच्या बाहेरची गोष्ट नाही.

सोडायची वेळ कधी, तेही सांगते. तुला खोटं लिहायला सांगितलं तर. चाचणीचा निकाल बदल, जोड्यांचा तक्ता काढून टाक, क्लायंटच्या प्रश्नावर ‘असं काही होत नाही’ म्हणून उत्तर दे, असं काही आलं की तिथे थांबायचं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रदूषणाची चाचणी ओळखायच्या आणि तेवढ्यापुरतं धुराचं प्रमाण कमी करायच्या. त्या प्रकरणात जेम्स लियांग या इंजिनिअरला अमेरिकेत २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. तो कंपनीतला सर्वांत मोठा माणूस नव्हता, तरी त्याची सुटका झाली नाही. ‘वरून सांगितलं होतं’ हे वाक्य ऑफिसात वजनदार वाटतं, बाहेर त्याला फारसं वजन नाही. तशी वेळ आली तर आधी वकील गाठ, मग राजीनामा. पत्रकाराकडे किंवा सोशल मीडियावर वकिलाशी न बोलता मुळीच जायचं नाही.

बहुधा एवढ्या थराला जाणार नाही. तुझे लीड मला वाईट माणूस वाटत नाहीत. डेडलाइन त्यांच्याही डोक्यावर आहे आणि तू दाखवलेल्या गोष्टीचं काय करायचं हे त्यांना सुचलेलं नाही. तिकीट टाकायच्या आधी त्यांना सांग की टाकतेय. पाठीमागून केलं असं वाटलं तर सगळी चर्चा तुझ्या वागण्यावर घसरेल. दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर त्याच तिकिटावर पुन्हा लिही आणि वरच्या पायरीच्या माणसाला जोड. टीममध्ये अजून एखादी समविचारी व्यक्ती मिळते का पाहा. दोघींनी नोंदवलेली गोष्ट ‘तिचं काहीतरी’ राहत नाही.

राहिली वहिनी. तुमच्या मॉडेलच्या आत काय चालतं ते तिला सांगू नकोस. एक तर गोपनीयतेच्या करारात तू अडकशील, आणि दुसरं, ती माहिती तिला मिळाली आणि बाकीच्या शेकडो जणींना नाही, हेही तुला बोचेल. खंड झाकायला तारखा फिरव, असं तर मुळीच सांगायचं नाही. पकडली गेली तर नोकरी लागल्यावरही जाईल. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून गाळतात हे काही तुझं ऑफिसचं गुपित नाही, ते खुशाल सांग. शक्य असेल तिथे आतल्या माणसाच्या ओळखीने अर्ज पुढे पाठव म्हणावं, आणि माझा अर्ज कुणी माणूस वाचणार आहे का, हे एचआरला सरळ मेल करून विचार. आणि तिच्या एका अर्जाचा स्कोअर वर सरकवायचं तुझ्या मनात डोकावून गेलं असेल, तर त्या अर्जाला हात लावू नकोस. त्याच दिवशी तिकीट टाक.